छातीतील कळ आणि औषधदानाची परंपरा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. नवव्या शतकात जैन मुनी उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस व मध वर्ज्य करून ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. १९४० साली तो सोलापुरातून प्रकाशित झाला. औषधदानाचे स्वरूप पुढे कसे पालटले, हे सातारा-सांगली परिसरातील छातीच्या विकारांच्या इतिहासावरून उमगते.

खोल श्वास घेताना वा खोकताना बरगडीत कळ आली की ‘उसण भरली’ म्हणून शेक देण्याची आपल्याकडे जुनी रीत. परंतु फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आल्यानेही अशीच कळ येते आणि तिच्यामागे न्यूमोनिया वा क्षय असू शकतो. १८१६ मध्ये लेनेक यांनी स्टेथॉस्कोप शोधला, १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला आणि १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. निदान सुकर झाले. गुणकारी औषध मात्र नव्हते.

विश्रांती, शुद्ध हवा व सकस आहार हाच तेव्हा मुख्य आधार होता. डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीत ‘बेल-एअर’ आरोग्यधाम स्थापिले. मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव सांगली-मिरज दरम्यानच्या क्षयरोग आरोग्यधामाला व वानलेसवाडीला लाभले. ज्या रुग्णांना समाज दूर ठेवी, त्यांना येथे आसरा मिळाला.

स्ट्रेप्टोमायसिन व त्यापाठोपाठ आलेल्या औषधांनी चित्र पालटले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध केले की, नियमित औषध घेणारा रुग्ण घरी राहूनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांचा धोका वाढत नाही. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो. शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

तरीही मुलामुलींच्या विवाहाच्या चिंतेने काही घरांत हा रोग लपविला जातो. हे लपविणेच घातक होय. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजनात घट वा श्वासासोबत येणारी कळ असल्यास थुंकी व क्ष-किरण तपासणी करावी. छातीवर अचानक दडपण येऊन घाम सुटल्यास वा धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ते हृदयविकाराचेही लक्षण असू शकते.

रुग्णाला वेळेवर तपासणीस नेणे, औषध पूर्ण होईपर्यंत त्याची साथ करणे आणि त्याच्या मनातील भय घालविणे, यात औषधदान व अभयदान दोन्ही साधतात. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एवढा संकल्प अवश्य करावा.