छापील क्यूटीसी म्हणजे निदान नव्हे

समजा, वरठीतल्या तीन वर्षांच्या मुलीचा ईसीजी काढला आणि यंत्राने पट्टीच्या माथ्यावर ‘क्यूटीसी ४६७’ असे छापले. आईबाप घाबरतात, मजुरी बुडवून भंडारा रोड स्थानकावरून नागपूरची गाडी धरतात. या धावपळीमागे एक रूढ समज आहे. क्यूटी हृदयगतीनुसार दुरुस्त करून क्यूटीसी काढला की गतीचा प्रश्न मिटतो. मग ४६० मिलीसेकंदांच्या वर ‘लाँग क्यूटी’ हा आनुवंशिक आजार, खाली निरोगी. लहान मुलांच्या बाबतीत हा समज टिकत नाही.

क्यूटी म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे विजेने उद्दीपित होऊन पूर्वस्थितीला येईपर्यंतचा काळ. ठोके जलद झाले की तो आखडतो. म्हणून तो मिनिटाला ६० ठोक्यांच्या मापावर आणतात. १९२० साली बॅझेट यांनी त्यासाठी दोन ठोक्यांमधल्या अंतराचे वर्गमूळ घेतले, तर त्याच वर्षी फ्रिडरिशिया यांनी घनमूळ. ६० ठोक्यांना दोन्ही उत्तरे एकच येतात. पण मुलांचे हृदय ६० वर कुठे चालते? आपल्या मुलीचे ठोके १२०, म्हणजे अंतर ०.५ सेकंद, आणि क्यूटी ३३० मिलीसेकंद. क्यूटीला त्या मुळाने भागले, तर बॅझेटने ४६७, फ्रिडरिशियाने ४१६. हृदय तेच, फरक ५१ मिलीसेकंदांचा.

मोजणीतही खोट असते. नेहमीच्या पट्टीवर एक बारीक चौकोन ४० मिलीसेकंदांचा. क्यूटी जिथे संपतो त्या टी लहरीचा शेवट अर्धा चौकोन चुकला, तरी १२० ठोक्यांना बॅझेटचे उत्तर २८ ने हलते. शिवाय मुलांचे ठोके श्वासाबरोबर जलद-मंद होतात. क्यूटी ३६० असताना ०.६ सेकंदाचे अंतर धरले तर बॅझेटने ४६५ येतो, ०.८ धरले तर ४०२.

मग बॅझेट टाकूनच द्यावे, असा आक्षेप येईल. तेही चूक. ४६० आणि ४८० या प्रचलित मर्यादा, तसेच या आजाराच्या निदानाची श्वार्ट्झ यांची गुणपद्धती बॅझेटच्याच मापावर बसवलेली आहे. फ्रिडरिशियाचा आकडा त्या मर्यादेशी ताडणे म्हणजे शेराने मोजून किलोचा भाव लावणे. त्यात खरा आजार निसटतो.

म्हणून मूल शांत असताना, ताप असल्यास तो उतरल्यावर ईसीजी पुन्हा काढावा. अनेक ठोक्यांची सरासरी हाताने मोजावी. आकड्याशेजारी गती आणि सूत्राचे नाव लिहावे. आणि विचारावे: पळताना, पोहताना किंवा दचकल्यावर मूल कधी बेशुद्ध पडले का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का? मूल जन्मतः बहिरे आहे का? १९५७ मध्ये येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी नॉर्वेतल्या ज्या कुटुंबाची नोंद केली, त्यातल्या सहापैकी चार भावंडे बहिरी होती, त्यांना बेशुद्धीचे झटके येत आणि तिघे अचानक दगावली.

असे झटके अनेकदा ‘फिट’ समजून मिरगीच्या गोळ्यांवर निभावले जातात. आजाराचे जनुक असूनही काहींचा क्यूटीसी मर्यादेतच राहतो. म्हणूनच ४६७ आकड्याची, पण निरोगी मुलगी पुनर्मोजणीनंतर घरी राहू शकते. आणि ४४० आकड्याची, पळताना कोसळलेली मुलगी मात्र त्याच दिवशी नागपूरच्या गाडीत बसलेली हवी.