कित्तूरचे एक्स्चेंज आणि लाइनचे कुलूप

हाताने चालणाऱ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनची राखण माणूस करीत असे. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला मुंबईशी बोलायचे तर आधी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा की अर्जंट, हे सांगावे लागे आणि ऑपरेटरने दोर जोडला की मगच बोलणे होई. कोणत्या फोनला कुठवर जाऊ द्यायचे, हे त्या बोर्डावरच ठरत असे.

स्वयंचलित यंत्रांनी ही राखण संपवली. अमेरिकेत ऑलमन स्ट्रोजरला १८९१ मध्ये स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले. भारतात १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर एसटीडी, म्हणजे ऑपरेटरविना थेट दूरचा कॉल लावण्याची सोय, सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव पसरली. ऑपरेटर मधून गेला, तसा फोनजवळ पोहोचणारा कोणीही दूरचा कॉल लावू लागला. बिल मात्र मालकाच्या नावावर येई.

त्यावरचा पहिला उपाय साधा होता. डायलच्या भोकात छोटे गोल कुलूप अडकवले की चकती फिरत नसे. पण आकडा फिरवताना लाइनचा प्रवाह तितक्याच वेळा क्षणभर तुटतो, शून्यासाठी दहा वेळा. रिसीव्हर ठेवण्याचा खटका त्याच लयीत दाबला तर एक्स्चेंजला दोन्हींत फरक कळत नसे. कुलूप डायलला होते, लाइन उघडीच होती.

म्हणून बंदी एक्स्चेंजमध्येच घालणे भाग होते. पायरीपायरीने चालणाऱ्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये त्यासाठी वायरिंगला हात लावावा लागे. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये तेच काम ग्राहकाच्या नोंदीतील एका बदलाने होऊ लागले.

या बदलाच्या इतिहासात बेळगाव जिल्ह्याला मानाचे स्थान आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ पोर्टचे डिजिटल एक्स्चेंज तयार केले. धूळ आणि उन्हाळा सोसून वातानुकूलनाशिवाय चालावे, अशी त्याची रचना होती. त्यातले पहिले जुलै १९८६ मध्ये बेळगाव-धारवाड रस्त्यावरच्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी बसले. महागड्या परदेशी यंत्रांची वाट न पाहता लहान गावाला डिजिटल स्विच मिळू शकतो, हे तिथे सिद्ध झाले.

इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजांमुळे ग्राहकाला गुप्त कोड वापरून स्वतःच्या फोनची एसटीडी घरबसल्या बंद-चालू करता येऊ लागली. कुलूप एक्स्चेंजमध्ये राहिले, किल्ली मालकाच्या हाती आली. मात्र हे कुलूप आकडे पाहते, अंतर नाही. निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. रोजच्या बाजाराचे आणि सोयरिकीचे गाव असले तरी ते कर्नाटक-महाराष्ट्र सीमेपलीकडे आहे आणि त्याचा ०२३१ हा कोड शून्यानेच सुरू होतो. शून्यावर बंदी घातली की दिल्लीबरोबर कोल्हापूरही बंद.

संगणकांच्या जाळ्याने हाच प्रवास पुन्हा केला. १९९० मध्ये कल्पना या कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. स्विच प्रत्येक पोर्टवर कोणत्या मॅक पत्त्याचे (यंत्राच्या जाळ्यातील ओळख क्रमांकाचे) यंत्र आहे ते टिपून घेतो आणि माहिती योग्य पोर्टकडे पाठवतो. दुकानात किंवा शाळेत बसवलेला साधा स्विच एवढेच करतो. मोकळ्या पोर्टमध्ये केबल खोचणाऱ्या कोणालाही तो आत घेतो, कारण परवानगीची नोंद ठेवायला त्याच्याकडे जागाच नसते. सेटिंग करता येणाऱ्या स्विचमध्ये ठरावीक मॅक पत्ते एखाद्या पोर्टशी बांधता येतात. परके यंत्र आले तर त्याची माहिती टाकून दिली जाते किंवा पोर्टच बंद होतो. पण मॅक पत्ता संगणकावरून बदलता येतो, म्हणजे खटका दाबून शून्य लावण्याची जुनी युक्ती इथेही चालते. म्हणूनच २००१ मध्ये ८०२.१एक्स हे मानक आले. त्यात यंत्राला आधी ओळख पटवावी लागते, मगच पोर्ट उघडतो.

ही सोय नसलेल्या साध्या स्विचवर वापरात नसलेल्या केबली काढून ठेवाव्या लागतात आणि स्विच कुलूपबंद कपाटात ठेवावा लागतो. बंदी राउटरवर घातली तर इंटरनेट थांबते, पण त्याच स्विचवरचे दोन संगणक एकमेकांशी बोलतच राहतात.