नॅनोविज्ञानाचे राष्ट्रीय जाळे आणि कापसाचा यवतमाळ जिल्हा

१/ एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कापसाच्या तंतूची जाडी त्याच्या हजारो पट. या सूक्ष्म जगाच्या संशोधनासाठी भारताने देशव्यापी जाळे कसे विणले आणि यवतमाळ त्यापासून किती दूर राहिला, याचा हा मागोवा.

२/ २००१ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नॅनोविज्ञानाचा पहिला राष्ट्रीय उपक्रम आरंभला. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ मंजूर झाले. नेतृत्व रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्याकडे होते.

३/ सूक्ष्म उपकरणे घडवण्यासाठी धूळविरहित ‘क्लीन रूम’ लागते. ती उभारणे आणि अखंड चालवणे बहुतेक विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून २००६ मध्ये आयआयटी मुंबई व बंगळुरूची आयआयएस्सी येथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहू लागली.

४/ त्याच वर्षी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यांत यवतमाळही होता.

५/ जाळे खऱ्या अर्थाने विणले गेले २००८ मध्ये. ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम’मुळे देशातील इतर संस्थांच्या संशोधकांनाही प्रस्ताव पाठवून, प्रशिक्षण घेऊन ही यंत्रे वापरता येऊ लागली. यंत्रे मोजकी, पण दार सर्वांना खुले, हे त्यामागील सूत्र.

६/ ज्या विद्यापीठाच्या कक्षेत यवतमाळ येतो, त्या अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांनी वेगळी वाट धरली : बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार करण्याची. तिला क्लीन रूमची गरज नव्हती.

७/ आणि कापूस? तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या ‘सिरकॉट’ या कापूस तंत्रज्ञान संस्थेने कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला. कागद, रंग आणि संमिश्र पदार्थांना बळकटी देणे, हे त्याचे उपयोग.

८/ येथे इतिहास डोकावतो. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वे धावू लागली, ती प्रामुख्याने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. पीक इथले, त्यावरील प्रक्रिया आणि नफा दूरचा.

९/ पुढे यूजर्स प्रोग्रॅमचा विस्तार होऊन आयआयएस्सी व पाच आयआयटी त्यात आल्या. जाळ्याचे टोक मात्र अजून पवईलाच. यवतमाळच्या विद्यार्थ्याला तिथवर पोहोचवणे हे पहिले काम झाले. कापसाचे नवे मूल्य यवतमाळातच निर्माण होणे, हे दुसरे आणि अधिक कठीण काम अद्याप बाकी आहे.