‘इन’ म्हणजे नेहमीच ‘नाही’ नव्हे

डोंबिवली औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रसायनांच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी अक्षरे रंगवलेली दिसतात. ‘इनकरेक्ट’, ‘इनव्हिजिबल’ यांतील ‘इन’ नकारार्थी असल्याने आतील पदार्थ न पेटणारा आहे, असा समज सहज होऊ शकतो. अर्थ नेमका उलटा आहे. लॅटिनमध्ये ‘इन’ हे उपसर्ग दोन: एक अभावाचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘इन्फ्लेमेबल’मध्ये हा दुसरा उपसर्ग ज्वालावाचक ‘फ्लामा’ला जोडला आहे; म्हणजे चटकन पेट घेणारा. हा घोटाळा टाळण्यासाठी २०व्या शतकात अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थांनी ‘फ्लेमेबल’ हा शब्द पुढे आणला. न पेटणारे ते ‘नॉनफ्लेमेबल’. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी याच वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले होते. तेथे अशा पाटीचा अर्थ चुकणे परवडणारे नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नसावा. ‘विफल’मधील ‘वि’ अभाव दाखवतो, ‘विज्ञान’मधील ‘वि’ विशेषत्व. लोकलचा ‘सबर्बन’ तर थेट आपल्या ‘उपनगरी’चाच भाऊ: ‘सब’ म्हणजे उप, ‘अर्ब्स’ म्हणजे नगर. कल्याण ‘जंक्शन’च्या मुळाशी ‘जोडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाला मात्र तेथे कसारा आणि कर्जतचे मार्ग फुटतानाच दिसतात.