आम्ही दोघी एकच आहोत

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई माझ्याकडे लंडनला आली होती, तेव्हाची गोष्ट. ती आणि मी एक ऑनलाइन खेळ खेळतो. खेळाचं नाव सांगत नाही, पण प्रकार तुमच्या ओळखीचा असेल: एक गाव मिळतं, शेती करायची, कोठारं बांधायची, भिंत उंच करायची आणि शेजारच्या गावांनी लुटू नये म्हणून कोणाशी तरी सोयरीक ठेवायची. आई निवृत्त शिक्षिका आहे. तिनेच मला हा खेळ शिकवला. तिचं खातं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जुनं आणि तिचं गाव माझ्यापेक्षा कितीतरी मोठं. कराड आणि लंडनमधल्या साडेचार-साडेपाच तासांच्या फरकात आमचं बोलणं नीट व्हायचं नाही, पण सकाळी उठून पाहिलं की आईने रात्रीत शंभर पोती धान्य पाठवलेलं असायचं. डबा पाठवण्यासारखंच ते.

ती इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात आम्हा दोघींना एकच पत्र आलं. ही दोन्ही खाती एकाच व्यक्तीची आहेत असं आढळलं असून मुख्य खातं तात्पुरतं, तर दुय्यम खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. दुय्यम म्हणजे आईचं. पुरावे तीन होते. दोन्ही खाती एकाच आयपी पत्त्यावरून उघडली जातात. एक बंद झालं की काही मिनिटांत दुसरं उघडतं. आणि एका खात्यातून दुसऱ्याला सतत फुकट धान्य जातं.

गंमत बघा, तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. घरात राउटर एक. लॅपटॉप एक, कारण आईला फोनवरची अक्षरं बारीक वाटतात. आणि धान्य तर ती पाठवतच होती. मी पत्राचा मराठीत अर्थ सांगितला तेव्हा आईने चष्मा काढून विचारलं, "म्हणजे त्यांच्या मते मी नाहीच?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. लबाडीचा आरोप झाला तर आपण म्हणतो, मी ते केलेलं नाही. इथे मात्र आरोपच असा की तुमच्यातली एक व्यक्ती अस्तित्वात नाही. माझं संशोधन वसाहतकाळातल्या सरकारी दप्तरांवर आहे, म्हणजे कोण कोण आहे हे कागदावर कसं ठरवलं जायचं यावर. त्यामुळे घरातल्या या भानगडीकडे मी नाइलाजाने व्यवसायाच्या नजरेनेही पाहू लागले.

आधी कंपनीची बाजू. 'एका माणसाला एक खातं' हा नियम उगाच केलेला नाही. अनेक माणसांनी एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरायचं, याची सुरुवात १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी लिहिलेला 'मड' हा निव्वळ अक्षरांचा खेळ त्याचा पूर्वज मानला जातो. पुढे २००० नंतर ब्राउझरमध्ये खेळायचे गावं-किल्ले-आकाशगंगांचे खेळ आले. खातं काढायला एक ईमेल पुरे. मग काही महाभाग दहा-दहा गावं काढून नऊंचं धान्य दहाव्यात ओतू लागले. प्रामाणिक खेळाडूंचा खेळ त्यात खराब होतो, हे मलाही मान्य आहे.

अडचण आहे ती ओळखायचं कसं, याची. २००२ साली मायक्रोसॉफ्टमधले संशोधक जॉन डूसर यांनी एक छोटा निबंध लिहिला. संगणकशास्त्रात तो 'सिबिल हल्ला' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: प्रत्येकाच्या ओळखीची हमी देणारी एखादी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एका माणसाला अनेक माणसं असल्याचं सोंग व्यवहारात नेहमीच घेता येईल. खेळ चालवणाऱ्याकडे अशी संस्था कुठून असणार? त्याच्याकडे हाताशी असतो तो पत्ता.

आणि हा पत्ता मुळात माणसाचा नव्हताच. १९८१ साली इंटरनेटचा जो पत्ता ठरला तो ३२ बिटांचा, म्हणजे जगभर मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. तेव्हा ते मुबलक वाटले. १९९४ मध्ये पत्ते वाचवायची युक्ती मांडली गेली: घरातली किंवा ऑफिसातली सगळी यंत्रं आत आपापल्या खासगी पत्त्यावर राहतील, बाहेरच्या जगाला मात्र सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसेल. तुमच्या घरातला राउटर हेच काम करतो. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्यानंतर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्याही एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवू लागल्या.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. एका खोलीत पंधरा-वीस गावकरी पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची. सगळ्यांची पत्रं त्याच एका पत्त्यावर यायची. एक बाहेर पडला की दुसरा आत आणि गावाकडे मनिऑर्डरी त्याच खोलीतून. माझ्या खेळाच्या कंपनीने ती खोली पाहिली असती तर तिला तिथे बाहेरून एकच इसम दिसला असता. पोस्टमन मात्र प्रत्येकाला नावाने हाक मारायचा.

आखातात राहणाऱ्या वाचकांपैकी काहींना २००७ चा नववर्षाचा दिवस आठवत असेल. त्या सुमारास इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रबंधकाने नासधूस होते म्हणून एका आयपी पत्त्यावरून होणारं निनावी लिखाण बंद केलं. हे रोजचंच काम. पण कतारमधल्या एकमेव इंटरनेट कंपनीची वाहतूक त्या एका पत्त्यातून बाहेर पडत होती. विकिपीडियाने देशच बंद केला, अशी बातमी जगभर पसरली. बंदी काही तासांत उठली. दोहामधला इंजिनियर, नर्स, ड्रायव्हर आणि कोणीतरी भिंती रंगवणारा टवाळ पोरगा, हे सगळे त्या काही तासांपुरते एकच माणूस होते.

तिथे निदान अख्खा देश अडकला होता, म्हणून आरडाओरडा झाला. माणूस एकटा असला की काय होतं, ते अडॉल्फ बेकच्या बाबतीत दिसतं. मला आईच्या पत्रावरून पहिल्यांदा तोच आठवला.

बेक हा नॉर्वेत जन्मलेला, दक्षिण अमेरिकेत बरीच वर्षं काढून लंडनला आलेला, कर्जात बुडालेला गृहस्थ. १६ डिसेंबर १८९५ रोजी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका बाईने त्याला अडवलं. तीन आठवड्यांपूर्वी मला फसवून घड्याळं आणि अंगठ्या नेल्या त्या यानेच, असं तिचं म्हणणं. एक भामटा त्या काळात स्वतःला लॉर्ड म्हणवून एकट्या बायकांना गाठायचा, नोकरीचं किंवा सहलीचं आमिष दाखवायचा, खोटा चेक द्यायचा आणि मापाच्या निमित्ताने अंगठी घेऊन पसार व्हायचा. पोलिसांनी अशा आणखी बायका बोलावल्या. एकामागून एक त्यांनी बेककडे बोट दाखवलं. मग आठवण निघाली की अगदी हीच युक्ती करणाऱ्या 'जॉन स्मिथ' नावाच्या इसमाला १८७७ साली शिक्षा झाली होती. तेव्हाच्या एका जुन्या पोलिसाने शपथेवर सांगितलं, हा तोच स्मिथ. हस्ताक्षरतज्ज्ञ गरिन यांनी कागद ताडून पाहिले आणि अक्षर बेकचंच, फक्त मुद्दाम बदललेलं, असं मत दिलं.

'मुद्दाम बदललेलं' या शब्दांकडे जरा थांबून पाहा. अक्षर जुळलं तर तोच माणूस, आणि जुळलं नाही तर सोंग घेणारा तोच माणूस. एकदा दोघे एकच, असं ठरलं की फरक हाही साम्याचाच पुरावा होतो.

१८७७ मध्ये बेक पेरूमध्ये होता. ते सिद्ध करणारे साक्षीदारही होते. पण सरकारी पक्षाने जुन्या शिक्षेशी जोडलेले आरोप बाजूला ठेवले आणि फक्त नव्या फसवणुकींवर खटला चालवला. त्यामुळे १८७७ ची गोष्ट या खटल्यात गैरलागू, म्हणून न्यायाधीश फुल्टन यांनी ती येऊच दिली नाही. याच फुल्टन यांनी १८७७ साली वकील म्हणून स्मिथविरुद्ध खटला चालवला होता. मार्च १८९६ मध्ये बेकला सात वर्षं सक्तमजुरी झाली. तुरुंगात त्याला स्मिथचाच जुना नंबर दिला गेला, पुन्हा आलेला कैदी असं दाखवणारं एक अक्षर जोडून. कोर्टात जे तपासलंच नाही ते नंबरावर मात्र पक्कं लिहिलं गेलं.

१८९८ साली स्मिथची जुनी तुरुंगनोंद कोणीतरी उघडून वाचली. स्मिथ ज्यू होता आणि त्याची सुंता झालेली होती. बेकची झालेली नव्हती. संपलं की! अक्षर बदलता येतं, मिशी बदलता येते, हे कुठे बदलणार? गृहखात्याने ते मान्य केलं. फुल्टन यांना विचारलं, तर त्यांनी कळवलं की स्मिथ नसला तरी नव्या गुन्ह्यांत बेक दोषीच आहे. मग खात्याने काय केलं असेल? बेकला नवा नंबर दिला आणि तुरुंगातच ठेवलं.

तो १९०१ मध्ये सुटला. १९०४ मध्ये पुन्हा तशाच तक्रारी आल्या, पुन्हा बायकांनी ओळखलं, पुन्हा दोषी. या वेळी न्यायाधीश ग्रँथम यांच्या मनात काहीतरी खटकलं आणि त्यांनी शिक्षा सुनावणं पुढे ढकललं. तेवढ्या काही दिवसांत, जुलैमध्ये, बेक कोठडीत असताना, फसवून आणलेल्या अंगठ्या गहाण टाकताना एक माणूस पकडला गेला. तोच खरा स्मिथ. बेकच्या सुटकेला ना त्याचे कागद कामी आले ना साक्षीदार. कामी आला तो दुसरा माणूस, त्याच वेळी दुसऱ्या जागी हजर झाला म्हणून. गरिन यांनी आपली चूक कबूल केली. बेकला माफी आणि ५,००० पौंड मिळाले. या प्रकरणाच्या चौकशीने इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालयाची मागणी इतकी बळावली की १९०७ मध्ये तसा कायदा झाला. तोवर अपील करायला वरचं दारच नव्हतं. बेक १९०९ मध्ये वारला.

या गोष्टीला एक आपल्याकडचा धागा आहे. १९०१ च्या जुलैतच, म्हणजे बेक सुटला त्याच महिन्यात, स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ती पद्धत बंगालमधून आली. १८७७ साली हुगळीत विल्यम हर्शेल यांनी पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण पेन्शनर मेला तरी त्याच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलतो असा संशय होता. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. नाव राहिलं ते साहेबाचं, एडवर्ड हेन्री यांचं.

आईला मी हे सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. ती दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते. २०१४ पासून तो आधारच्या ठशावरही देता येतो, पण खडू धरून आणि भांडी घासून झिजलेली तिची बोटं यंत्राला पटकन पटत नाहीत. चार-पाच वेळा बोट पुसून ठेवावं लागतं. "जिवंत आहे हे दरवर्षी सिद्ध करते," ती म्हणाली, "वेगळी आहे हे पहिल्यांदाच."

आम्ही अपील केलं. आईने तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. माझं वेगळं पत्रही मीच लिहिलं. उत्तर आलं: दोन्ही पत्रांची भाषा व शैली एकच असल्याने आमच्या निष्कर्षाला पुष्टी मिळते. मी हसले. मग गरिन आठवले आणि हसू थांबलं. अर्थात माझी चूक बेकसारखी नव्हती, त्या पत्रात खरोखरच हात एकच होता. पासपोर्टची प्रत पाठवण्याचाही पर्याय होता. आईने साफ नकार दिला. खेळायला पासपोर्ट कशाला, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं पत्र तिने स्वतः लिहिलं, तिच्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत, "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होणारं, मुद्दे अंक घालून. मी एक स्वल्पविरामही बदलला नाही. अकरा दिवसांनी खातं उघडलं. कारण दिलं नव्हतं, दिलगिरीही नव्हती.

तोवर शेजारच्यांनी तिचं गाव धुऊन नेलं होतं. भिंत पडलेली, कोठारात चिमूटभर धान्य. मी लगेच माझ्या कोठारातून पोती भरायला घेतली, तर आईने लॅपटॉपवर हात ठेवला.

"काही पाठवू नकोस," ती म्हणाली. "परत एकच होऊ."

तिने पहिल्या शेतापासून सुरुवात केली. आता ती कराडला आहे, पत्ता वेगळा आहे. अजून आम्ही एकमेकींना धान्य पाठवत नाही.