मनगटावरची दोन घराणी

धावण्यासाठीचं जीपीएस घड्याळ आणि स्मार्टवॉच दुकानात आता एकाच काचेखाली मांडलेली असतात. पावलं दोन्ही मोजतात, नाडी दोन्ही दाखवतात, फोन आला की दोन्ही थरथरतात. गिऱ्हाईक मग किंमत आणि पट्ट्याचा रंग पाहतं. पाहायला हवं ते कूळ.

पहिल्या घड्याळाचं मूळ फिनलंडच्या बर्फात आहे. औलू विद्यापीठातले सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर कंपनी काढली, ती स्कीपटूंचे हृदयाचे ठोके ऐन सरावात मोजता यावेत म्हणून. १९८२ मध्ये छातीवर पट्टा आणि मनगटावर आकडा अशी त्यांची बिनतारी जोडी बाजारात आली. गार्मिनची शाखा मात्र पाण्यावरची. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं पहिलं उत्पादन बोटींसाठीचा जीपीएस रिसीव्हर होता.

मनगटावर जीपीएस कॅसिओने १९९९ मध्येच आणलं होतं. पण तेव्हा अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, आणि आपली जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. चारशे मीटरच्या ट्रॅकवर धावणाऱ्याने अशा यंत्राचं करायचं काय? मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली. पुढे टायमेक्सने दंडावर बांधायचा वेगळा रिसीव्हर आणला आणि २००३ मध्ये गार्मिनच्या फोररनरने सगळं एकाच डबीत बसवलं. डबीच ती, देखणी म्हणवत नाही. पण फोररनर २०१ एका चार्जमध्ये सुमारे पंधरा तास चाले.

त्या पंधरा तासांसाठी सारी काटकसर होती. वीस हजार किलोमीटरवरच्या किमान चार उपग्रहांचे क्षीण संकेत सतत ऐकायचे, तर बॅटरी भराभर उतरते. म्हणून पडदा साधा, उन्हाच्याच उजेडात वाचता येणारा. पुढेही या घराण्याने बटणं सोडली नाहीत, कारण घामेजलं बोट किंवा हातमोजा स्पर्शपडद्याला नीट कळत नाही.

स्मार्टवॉचचं घराणं फोनचं. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या ॲपल वॉचमध्ये जीपीएस नव्हतंच. ते खिशातल्या आयफोनचं उसनं घ्यायचं. स्वतःचं जीपीएस २०१६ मध्ये आलं. रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय मात्र फोनकडून जशीच्या तशी उतरली. २०१८ च्या ॲपल वॉच सिरीज ४ मध्येही जीपीएस चालू ठेवून मैदानी व्यायामाचा कंपनीचा दावा सहाच तासांचा होता.

आता सोयरिकी झाल्या आहेत. २०२२ च्या ॲपल वॉच अल्ट्राला नारिंगी बटण आलं, तर २०२३ च्या फोररनर २६५ ला फोनसारखा झगमगीत ॲमोलेड पडदा. तरी निवड करताना मी आधी अंतर विचारेन. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, कुठलंही बरं स्मार्टवॉच निभावून नेईल. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या शर्यतीची तयारी चालली असेल, तर तिथे नव्वदेक किलोमीटरसाठी बारा तासांची मुदत असते. तिथे बर्फा-पाण्यातल्या घराण्याचंच घड्याळ घ्यावं. आणि फोन घरी ठेवून बागेत पाच किलोमीटर धावायचं, वाटेत घरचा फोनही घ्यायचा, एवढीच गरज असेल, तर सिम चालणारं स्मार्टवॉच घ्या. महागड्या फोररनरचे पैसे चांगल्या बुटांवर घाला.