बांबूच्या बेटापासून लोकनोंदवहीपर्यंत
पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ १९७३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. कर्नाटकातल्या बांबूचा ऱ्हास अभ्यासताना खरी माहिती गावकऱ्यांकडे सापडली: बेटाच्या बुंध्याचं काटेरी आवरण साफ केलं, की कोवळे कोंब गुरांच्या तोंडी पडतात. आवरण काढण्याची वनखात्याची ‘शास्त्रीय’ शिफारस नेमकी उलटी होती. १९८३ मध्ये गाडगीळांच्या पुढाकाराने संस्थेत पर्यावरणशास्त्र केंद्र निघालं. १९९२ साली रिओत जैवविविधता करारावर सह्या झाल्या आणि अशा लोकज्ञानाची पद्धतशीर नोंद निकडीची ठरली. लोकजैवविविधता नोंदवही त्यातूनच घडली. २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखालचे २००४ चे नियम यांनी ती तयार करणं हे स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचं मुख्य काम ठरवलं. पुढे अनेक ठिकाणी मात्र ही नोंदवही ठरवून दिलेली मुदत गाठण्याच्या घाईतच भरली गेली.